लेखकाला नसलेली बायको

चेनवाल्या बाईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक शिलाई मशीन, एक दिवा, भिंतीला खिळ्यांवर टांगलेली दोऱ्यांची रिळं, आणि वर फळीवर बटणांचा गोल पत्र्याचा डबा. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकानं बाहेर पायरीवर बसायचं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नवे कपडे बाई शिवत नसत. पँट आखूड करणं, कंबर ढिली करणं, कोटाचं अस्तर बदलणं, आणि मुख्य म्हणजे बिघडलेली चेन दुरुस्त करणं. जॅकेटची, बॅगेची, बुटाची, तंबूची, कसलीही आणा. लोकांनी नाव पाडलं ते त्यावरूनच. बाईंना त्याचा राग नव्हता. "निदान कामाचं तरी नाव आहे," म्हणायच्या.

त्यांच्या नवऱ्याला नदीवाले म्हणत. नोकरी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, घरोघरी मीटर वाचायची. पण त्यासाठी त्यांना कोण ओळखणार? दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या दारातून ते लोकांना घेऊन निघायचे आणि नदीकाठानं पार रानापर्यंत फिरवून आणायचे. गावात एक कादंबरीकार होऊन गेला होता. त्याची एकच कादंबरी गाजली आणि ती सगळी या नदीवर घडते. गावातल्या फारशा कुणी ती वाचलेली नाही, पण अभिमान मात्र प्रत्येकाला आहे. लेखक कुठे बसायचा, कुठे घसरून पडला, कुठल्या वळणावर त्याला काय सुचलं, हे नदीवाले चालता चालता सांगायचे. लांबून लोक यायचे, आणि एकदा ऐकून गेलेले पुन्हा यायचे. तोंड असं चालायचं म्हणे, की नदीला मध्ये एक शब्द बोलायला मिळू नये.

'म्हणे' अशासाठी, की चेनवाल्या बाईंनी त्यातलं अक्षरही कधी ऐकलं नव्हतं. घरी हा माणूस जवळजवळ मुका. आला, बूट काढले, जेवला, पेपर तोंडापुढे धरला. काही विचारलं तर "हं." फार तर "बघू." बाईंच्या मनात याची अढी होती आणि ती एका दिवसात बसलेली नव्हती. सगळं बोलणं परक्यांवर उधळून यायचं आणि घरच्या माणसाच्या वाट्याला रिकामी पिशवी, असं त्या नणंदेला म्हणायच्या. नणंद वरच्या मजल्यावर राहायची. तिला भाऊ जीव की प्राण होता. ती म्हणायची, "वहिनी, एकदा जाऊन ऐका तरी." बाई म्हणायच्या, "रविवारी लोक कपडे न्यायला येतात. आणि लग्नाआधी रोज त्याच रानातून शिवणाच्या क्लासला जायचे मी. त्या वाटेवर आता रांगेत चालू?"

असा हा नवरा एका सकाळी बूट घालता घालता गेला. एक नाडी बांधलेली, दुसरी तशीच.

माणसं आली, रडली, जेवून गेली. बाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक कौतुकानं म्हणाले, किती धीराची बाई. मग कुजबुजीनं म्हणाले, अहो पण रडायला तरी हवं. बाईंनी दुकान उघडलं. साचलेली कामं उरकली. नणंद जिन्यावरून वाकून म्हणाली, "वहिनी, रडून घ्या एकदा. अशा दगड होऊन बसू नका."

"रडते की," बाई म्हणाल्या, "एवढा पडदा होऊ दे."

हे उत्तर उद्धट होतं आणि त्यांना ते कळतही होतं. पण खरं सांगायचं तर रडायचं कुणासाठी, हेच त्यांना समजत नव्हतं. रडायला माणूस ओळखीचा लागतो. पेपरामागच्या माणसासाठी रडायचं म्हणजे नेमकं काय आठवायचं? त्याच्या मनात आपल्याला कधी काही जागा होती का, हे आता विचारणार तरी कुणाला? हा एकच प्रश्न मशीनच्या चाकाबरोबर त्यांच्या डोक्यात फिरायचा, आणि त्यानं काही वाटायचंही नाही. पूर्वी एकदा दाढ काढताना भुलीनं ओठ असा झाला होता. आपलाच, पण परक्याचा. पाणी प्यायलं तर हनुवटीवरून ओघळलं आणि आरशात बघेपर्यंत पत्ता नाही. आता सगळं अंगच तसं झालं होतं. एके दिवशी सुई बोटात शिरली ती त्यांना कळली पांढऱ्या शर्टावर लाल ठिपका दिसल्यावर. शर्ट धुऊन द्यावा लागला.

हिवाळा सरत आला तेव्हा ग्रंथपाल बाई दुकानात आल्या. हातात जॅकेट होतं, पण त्याची चेन धडधाकट होती हे चेनवाल्या बाईंनी एका नजरेत ओळखलं. म्हणजे काम वेगळं होतं.

"शेजारच्या गावाहून एक गट येतोय," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "फार आधीपासून ठरलेलं आहे. नाही म्हणवत नाही. सांगायचं काम दातांचे डॉक्टर करतील, त्यांना सगळं तोंडपाठ आहे. पण रानात वाटा फुटतात. डॉक्टर आजवर खाली मान घालून नदीवाल्यांच्या मागे चालले, त्यांना एकही वाट आठवत नाही. तुम्ही नुसत्या पुढे चालाल का? बोलायचं काही नाही."

"बोलायचं नसेल तर येते."

ग्रंथपाल बाई तरी घुटमळल्या. मशीनवर ठेवलेल्या जॅकेटची चेन उगाच वरखाली केली. "आणखी एक. तुम्हाला वाईट वाटेल, पण आधीच सांगितलेलं बरं. नदीवाल्यांच्या सांगण्यात एक मोठी चूक होती. ते लेखकाच्या बायकोचे किस्से सांगायचे. लोकांना तेच जास्त आवडायचे. पण लेखकाचं लग्नच झालेलं नव्हतं. जन्मभर एकटा राहिला तो. मी त्यांना कितीदा बजावलं."

"मग काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

चेनवाल्या बाईंना हसू आलं असतं, एरवी. "घरीही तेच म्हणायचे," त्या म्हणाल्या.

"आता वाटेवर पाट्या लावायच्या आहेत, खऱ्या माहितीच्या. त्यात ही बायको काही येणार नाही."

"नका आणू," बाई म्हणाल्या. कुणाची कोण बायको, त्यांना काय त्याचं? नदीवाल्यांनी एका ब्रह्मचाऱ्याचं परस्पर लग्न लावून दिलं होतं, एवढंच त्यांना कळलं, आणि जॅकेट त्यांनी न विचारता परत केलं.

रविवारी त्यांनी खुंटीवरची नवऱ्याची कापडी पिशवी खांद्याला लावली. आत काय आहे ते बघितलंही नाही. वाचनालयाच्या मागच्या दाराशी पंधरावीस माणसं जमली होती, कानटोप्या घातलेली, हौशी. दातांचे डॉक्टर नवीन कोट घालून आल्यासारखे अवघडून उभे होते. कोट मात्र जुनाच होता. रिटायर झाल्यापासून घरी करमत नाही म्हणून ते दर रविवारी या फेरीला यायचे. तेच ते ऐकून त्यांचा कंटाळा कसा जायचा हे त्यांचं त्यांना ठाऊक. चेनवाल्या बाईंची ती दाढ यांनीच काढली होती.

"मी त्यांच्यासारखं नाही सांगू शकणार," ते बाईंना हळूच म्हणाले.

"मला कुठे माहीत आहे ते कसं सांगायचे," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

कागद गिरणीच्या मागची भिंत संपली की नदी दिसते. पाणी त्या दिवशी मातकट आणि संथ होतं. काठाला वाळलेले बोरू उभे होते. बाई पुढे, मग डॉक्टर, मग लोक, सगळ्यात शेवटी ग्रंथपाल बाई. लाकडी पुलाशी डॉक्टरांनी घसा खाकरला.

"मंडळी, या पुलावर लेखक नेहमी बायकोच्या मागे चालायचा. का? तर तिला वाट माहीत होती आणि त्याला नव्हती. कादंबरीत नायक रानात तीनदा हरवतो, तो अनुभव लेखकाचा स्वतःचा."

लोक हसले. चेनवाल्या बाई पुलाच्या पलीकडे पोचून थांबल्या होत्या. मागे वळून पाहिलं तर ग्रंथपाल बाई पुलाच्या फळ्यांकडे बघत होत्या.

पुढे नदी वळते. तिथे वाळुंजाची झाडं पाण्यावर ओणवी झालेली आहेत. एक खंड्या फांदीवरून निळा सुटला आणि पलीकडे गेला. गटातल्या कुणीतरी "तो बघा, तो बघा" करेपर्यंत नाहीसाही झाला.

"हे चष्म्याचं वळण," डॉक्टर म्हणाले. आता त्यांना सूर सापडला होता. "लेखकाचं नवीन लग्न झालेलं. बायकोच्या माहेराहून दोघं परत येताहेत. लेखक मासे बघायला वाकला आणि खिशातला चष्मा पाण्यात. आता? त्याला तर दोन हातांवरचंही दिसेना. बायकोनं चपला काढल्या, पाण्यात उतरली आणि पायाच्या बोटांनी तळ चाचपत चाचपत चष्मा वर काढला. हातात दिला आणि म्हणाली, 'वस्तू नाकासाठी केलेली आहे, खिशासाठी नव्हे.'"

पुन्हा हशा. चेनवाल्या बाई वाटेवरच थांबल्या होत्या.

तो चिखल त्यांच्या पायाला माहीत होता. थंडगार, आणि त्यात बारीक खडे. त्यांचं माहेर पलीकडच्या काठाचं. नवा नवरा काठावर आंधळ्यासारखा हात पसरून उभा होता आणि हसत होता. किती हसत होता तेव्हा. आणि ते वाक्यही त्यांचंच होतं, शब्दन् शब्द. पुढे आयुष्यात हे सगळं कुठे गेलं म्हणून त्यांनी कधी शोधलंही नव्हतं.

"बाई, इकडून का?" डॉक्टरांनी विचारलं. वाट फुटत होती.

"डावीकडून," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच आला. त्यांना वाटलं होतं येणार नाही.

रानात पायाखाली ओली पानं होती. झाडीत प्रकाश कमी आणि सगळ्यांचं बोलणं आपोआप हळू झालं. बाईंना दुखत नव्हतं. नुसत्या मुंग्या आल्यासारखं काहीतरी होत होतं, भूल उतरायला लागली की ओठाला होतं तसं. त्या पुढे बघून चालत राहिल्या. मागच्या माणसांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता, ते एक बरं होतं.

वाट एका मोकळ्या जागेत येऊन संपली. मध्ये एक म्हातारं झाड, बुंध्याला छातीएवढ्या उंचीवर मोठी ढोली. समोर एक आडवा पडलेला ओंडका, बसून बसून गुळगुळीत झालेला.

"हे शेवटचं ठिकाण. या ओंडक्यावर बसून लेखकाची बायको शिवण करायची," डॉक्टर सांगू लागले. "लेखक रानात भटकणार, काट्यांत शर्ट फाडणार, बटणं तोडणार आणि ती इथे बसून लावणार. म्हणून आपल्याकडे रिवाज आहे. इथे येणारा प्रत्येक जण त्या ढोलीत एक बटण टाकतो. बायकोला कधी बटण कमी पडू नये म्हणून. नदीवाले प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवायचे." मग बाईंकडे वळून, आवाज उतरवून म्हणाले, "पिशवीत असतील बघा."

चेनवाल्या बाईंनी पिशवी उघडली. एक शिट्टी, एक डबी, आणि रुमालाच्या गाठीत बटणं. गाठ सोडली आणि त्या बघतच राहिल्या. करड्या कोटाचं चार भोकांचं. शाळेच्या गणवेशाचं निळं. शिंपल्याचं एक, कड उडालेलं, जे त्या टाकून देणार होत्या आणि दिलं नव्हतं. फळीवरच्या डब्यातून बटणं जातात ही त्यांची कायमची तक्रार होती. त्यांनी उंदरावर संशय घेतला होता, गिऱ्हाइकांवर घेतला होता, नणंदेशी त्यावरून अबोला धरला होता. शेवटी डबा सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला. आणि तो ठेवताना स्टूल कुणी धरलं होतं? या माणसानं. मख्ख चेहऱ्यानं. वर म्हणालाही होता, "आता नाही जाणार."

चोर!

त्यांनी एकेकाच्या हातावर बटण ठेवलं. माणसं पुढे होऊन ढोलीत टाकत होती आणि आत बटणावर बटण पडल्याचा बारीक आवाज येत होता. शेवटी त्यांनी स्वतः वाकून पाहिलं. ढोली बरीच भरली होती. शेवाळलेली, ओली, गंजलेली, वर्षानुवर्षांची बटणं. एक पितळी होतं, जहाजाच्या नांगराच्या चित्राचं. सहाच्या संचातलं हे एक हरवलं म्हणून एका गिऱ्हाइकाचा अख्खा कोट त्यांना नव्या बटणांनी करून द्यावा लागला होता, आणि त्या रात्री त्या जेवल्या नव्हत्या. हात घातला असता तर निघालं असतं. त्यांनी ते तिथेच राहू दिलं.

ग्रंथपाल बाई पुढे आल्या. त्यांनी हात पुढे केला. त्यांनाही एक बटण मिळालं. त्या चेनवाल्या बाईंकडे बघत राहिल्या, मग पिशवीकडे, आणि काय समजायचं ते समजल्या. एवढंच म्हणाल्या, "पाटीचं मी बघते." आणि बटण ढोलीत टाकलं.

डॉक्टर हातवारे करत पुढचं सांगायला वळले आणि त्यांच्या कोटाचं बटण लोंबकळायला लागलं.

"हे त्यांनीच लावलेलं," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "कुणाचं सुटलं की इथल्या इथे लावून द्यायचे."

"दिसतंय," बाई म्हणाल्या. इतका वाईट टाका त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. "कोट काढा."

त्या ओंडक्यावर बसल्या. डबी उघडली. आत चार सुया, चार रंगांच्या दोऱ्यांनी ओवलेल्या. त्या कुणी ओवल्या हे आठवावं लागलं नाही. दर शनिवारी संध्याकाळी नवरा डबी पुढे धरायचा. सुई ओवणं त्याच्या डोळ्यांना जमत नसे. "काट्यात शर्ट अडकतो," म्हणायचा, आणि त्यांना ते खरं वाटायचं. या त्याच्या शेवटच्या शनिवारच्या सुया होत्या. त्यांनी काळ्या दोऱ्याची उचलली आणि जुना टाका उसवून बटण लावायला घेतलं. हात सवयीनं चालू लागले.

"आता शेवटचं, मग परत फिरू," डॉक्टर शर्टावर कुडकुडत म्हणाले. लोक ओंडक्याभोवती गोळा झाले. "नदीवाले हे नेहमी इथेच उभे राहून सांगायचे. लेखक दिवसभर फिरून घरी गेला की त्याच्या पोटात काही मावायचं नाही. कुणाला भेटलो, काय बघितलं, सगळं बायकोला सांगायचं असायचं. तो दारातूनच म्हणायचा, 'अगं, आज काय झालं माहीत आहे का?' आणि ती मशीनवरून वर न बघता म्हणायची, 'थांबा जरा, दोरा तोडू द्या.'"

लोक हसले. बायका जरा जास्तच हसल्या.

"लेखक थांबायचा. तो दोरा तुटायचा, दुसरा ओवला जायचा. तो पेपर घेऊन बसायचा. पुन्हा आशेनं बघायचा. पुन्हा दोरा. असं होता होता तो सांगायचं विसरला आणि लिहायला लागला. नदीवाले म्हणायचे, मंडळी, तिनं ऐकून घेतलं असतं तर आज तुम्ही इथे नसता. आणि एक वाक्य ते न चुकता म्हणायचे. तिला नावं ठेवू नका. तिचे हात कधी रिकामे नव्हते."

आता कुणी हसलं नाही.

चेनवाल्या बाईंनी शेवटचा टाका घातला होता. गाठ मारून झाली होती. त्यांना वाटत होतं की आता रडू येईल, आणि ते आलं नाही. पेपरामागून कुणीतरी आशेनं बघतंय, हे इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. बोलणं घरी येत नव्हतं असं नाही. ते रोज दारापर्यंत येत होतं.

सवयीनं त्यांनी दोरा दातांशी नेला.

"झालं का?" डॉक्टर म्हणाले. "लेखकाच्या शेवटच्या दिवसांचं थोडं राहिलंय. थांबतो मी. तुम्ही दोरा तोडा."

बाईंनी दोरा दातांतून काढला. कोट तसाच मांडीवर ठेवला, सुई लोंबती. मग मान वर करून त्या डॉक्टरांकडे नीट बघत म्हणाल्या,

"नको. तुम्ही सांगा. दोरा राहू दे."